टेरेसवरची भाजी : आधी ऊन मोजा, मग बी आणा

आमचं टेरेस पुण्यात फ्लॅटला जोडून असतं तसलंच आहे. दुसरा मजला, दहा बाय चौदा फूट, तोंड दक्षिणेला, तीन फुटांचा कठडा. त्याच्या फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. एक डिसेंबरात मारलेली, दुसरी मेमध्ये. दुपारी साडेबाराला कठड्याची सावली जिथे संपत होती तिथे त्या मारल्या. डिसेंबरातली रेघ कठड्यापासून जवळजवळ पावणेतीन फूट आत आहे. मेमधली कठड्याच्या पायाला चिकटलेली, कारण १३ मेच्या आसपास पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि मध्यान्हीला सावली उरतच नाही.

या रेघा मारण्याआधी माझे तीन हिवाळे वाया गेले होते. मधली जागा कपडे वाळत घालायला लागते, म्हणून टोमॅटोच्या पिशव्या मी कठड्याला लावून ठेवायचे. रोपं नुसती उंच व्हायची, खोड बारीक, फुलं मोजकी आणि तीही गळून जायची. मी खत वाढवलं, बी बदललं, फवारण्या केल्या. पिशव्या दोन-दोन उपड्या क्रेटवर चढवल्या तेव्हा पंधरा दिवसांत फुलं धरायला लागली. रोपांना ऊन कमी पडत होतं, एवढंच होतं ते.

शेतातलं झाड मुळं लांबवून पाणी शोधतं, खालच्या थरातून अन्न ओढतं. पिशवीतल्या झाडाला तसं कुठे जाता येत नाही. ऊन, माती, पाणी, खत यांतलं आपण जेवढं देऊ तेवढ्यावर त्याला भागवावं लागतं. म्हणून या लेखाचा बराचसा भाग बी पेरण्याच्या आधीचा आहे. नर्सरीत जाऊन दहा रोपं आणण्याची घाई आवरा. पंधरा दिवस उशीर झाला तरी चालेल.

ऊन मोजणं

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी टेरेसवर किंवा गॅलरीत जा आणि ऊन जिथे पडलंय त्याच्या कडेने खडूने रेघ ओढा. शेजारी वेळ लिहा. संध्याकाळपर्यंत कुठल्या कोपऱ्याला किती तास ऊन मिळतं ते फरशीवरच लिहिलेलं असेल. सहा तास किंवा जास्त ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, वेल, सगळं शक्य आहे. तीन-चार तास असेल तर पालेभाज्या घ्या. दोन-अडीच तास आणि बाकी वेळ नुसता उजेड असेल तर पुदिना, अळू आणि पानओवा. उन्हाचा हिशेब जुळत नसताना टोमॅटोचा हट्ट धरू नका. अळूची फतफतं आणि वड्या याही भाज्याच आहेत.

ऊन वर्षभर एका जागी राहत नाही, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. दक्षिणेच्या गॅलरीवर छज्जा असेल तर हिवाळ्यात ऊन तिरपं होऊन थेट आतल्या भिंतीपर्यंत येतं आणि मेमध्ये छज्जाच्या बाहेरच राहतं. उत्तरेच्या गॅलरीला जूनच्या आगेमागे थोडं ऊन मिळतं, हिवाळ्यात अजिबात नाही. मोजणी निदान दोनदा करा, डिसेंबरात एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा. पश्चिमेच्या गॅलरीतलं तीन ते सहाचं मार्च-एप्रिलमधलं ऊन नुसत्या तासांवर मोजू नका. तापलेल्या भिंतीची धग त्यात मिळते आणि पालेभाज्या दुपारभर माना टाकून बसतात.

वजन आणि गळती

पंधरा बाय पंधरा इंचाच्या पिशवीत साधारण ४३ लिटर माती मावते. हलकं मिश्रण भरलं तरी पाणी घातल्यावर ती चाळीस-पन्नास किलोंची होते. नुसती माती भरली तर सत्तरच्या पुढे जाते. आपल्याकडच्या इमारत मानकांत वावरायच्या सपाट गच्चीसाठी चौरस मीटरला १५० किलो भार धरलेला असतो. म्हणजे एका चौरस मीटरवर अशा तीन पिशव्या झाल्या की हात आवरायचा. जड पिशव्या कडेला, भिंतीलगत, खाली तुळई असेल त्या रेषेवर ठेवा. मध्यभागी हलकी ट्रे, पालेभाजीचे क्रेट. इमारत जुनी असेल किंवा पाण्याचा ड्रम, मातीचे वाफे असं काही मोठं मनात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका, आणि सामायिक गच्ची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

गळतीबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. पहिल्या वर्षी पिशव्या थेट फरशीवर ठेवल्या होत्या. पावसाळाभर त्यांच्या बुडाखाली ओल राहिली, मुळं भोकांतून बाहेर येऊन फरशीच्या सांध्यांत शिरली आणि ऑक्टोबरमध्ये खालच्या काकूंच्या बेडरूमच्या छताला ओलीचा डाग आला. त्या शांतपणे बोलल्या, पण मला फार वाईट वाटलं. वॉटरप्रूफिंगचा खर्च आम्ही केला. तेव्हापासून प्रत्येक पिशवी विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर, फरशीपासून चार बोटं वर असते. खालून झाडू फिरला पाहिजे, हा माझा नियम. महिन्यातून एकदा एखादी पिशवी सरकवून खाली ओल आहे का ते बघा, आणि पाणी वाहून जाण्याच्या जाळीत पाला अडकू देऊ नका.

भांडी

महागड्या कुंड्यांची गरज नाही. खोली आणि बुडाची भोकं महत्त्वाची. पालेभाजीला सहा ते आठ इंच खोली पुरते: फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, भाजीचा क्रेट आतून शेडनेट किंवा गोणपाट लावून, जुना टब. मिरची, वांगी, भेंडी यांना बारा इंची पिशवी किंवा रंगाची वीस लिटरची बादली, आतून खरवडून धुतलेली. टोमॅटोला पंधरा इंची. दुधी, दोडका, कारलं यांना पन्नास लिटरच्या वर, म्हणजे अर्धा कापलेला ड्रम. तेलाचा पत्र्याचा डबा मेमध्ये चुलीसारखा तापतो, तो सावलीतल्या पुदिन्यासाठी ठेवा. मातीच्या कुंडीतली माती गार राहते, पण कुंडी जड असते आणि लवकर कोरडी होते.

बादलीच्या बुडाला बोटाएवढी पाच-सहा भोकं पाडा. तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने प्लास्टिकला सहज पडतात, पण धूर निघतो म्हणून हे उघड्यावर करा. भोकांवर नारळाच्या शेंड्या पसरा; पाणी निघतं आणि माती अडते.

माती, म्हणजे सगळं काही

मी सुरुवातीला गावाकडून, मामांच्या शेतातली काळी कसदार माती पोत्यात भरून आणली होती. ज्या मातीत तिकडे हरभरा डोलतो, ती माझ्या कुंडीत दगड झाली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगा पडतात. कुंडीत रोज पाणी पडतं आणि रोज सुकतं, त्यामुळे ती आवळून मुळांचा श्वासच कोंडते. पाणी वरून घातलं की कडेच्या फटीतून सरळ खाली. वर चिखल आणि आत कोरडं ठक्क. ती उपटलेली मिरची मला अजून आठवते. मातीचा गोळा जसाच्या तसा आला आणि त्याच्या पोटात एकही पांढरं मूळ नव्हतं.

आता मी घमेल्याने मोजून मिश्रण करते: दोन घमेली चाळलेली लाल माती, दोन घमेली भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, आणि मोठ्या पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट पाणी पिऊन साठ-सत्तर लिटर होते, तेव्हा ती बादलीत नाही, मोठ्या टबात भिजवा. पहिलं पाणी पिळून टाका आणि पुन्हा एकदा धुवा, कारण त्यात क्षार असतात. शेणखत विकत घेताना हातात घेऊन बघा. ते गार, काळसर, भुसभुशीत असलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. ओलं, गरम, गोळ्यांचं खत घेतलंत तर मुळं भाजतात, शिवाय त्यातून हुमणी येते. बोटाएवढी जाड, पांढरी, अर्धगोल वळलेली अळी मातीत दिसली तर ती हीच. मुळं खाते. खत चाळून घ्या आणि सापडेल ती काढून टाका.

मिश्रण तयार झालं की मूठ आवळून बघा. लाडू वळला पाहिजे, बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे, आणि आवळताना थेंब-दोन थेंबच पाणी निघालं पाहिजे. लाडू वळलाच नाही तर कंपोस्ट वाढवा. फुटला नाही तर कोकोपीट किंवा भाताचं तूस घाला. मुंबई, कोकण, गोवा इथे पाऊस चार महिने हटत नाही, तिथे कोकोपीट निम्मं करून त्या जागी जाड वाळू आणि तूस वापरलेलं बरं, नाहीतर जुलैत मुळं कुजतात.

वजन कमी करायचं असेल तर पिशवीचा खालचा तिसरा भाग वाळलेला पालापाचोळा आणि उसाची चिपाडं यांनी भरा. चिपाडं रसवंतीवाल्याकडे मिळतात, पण धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, नाहीतर मुंग्यांचं वारूळ होतं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं वापरून गच्चीवर भाजी पिकवण्याची पद्धत रुजवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवरची बागही २००२पासून स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर उभी राहिली. ज्यांना माती मिळणंच कठीण आहे त्यांनी हा रस्ता जरूर धरावा. पाला कुजत जातो तशी पिशवी खाली बसते, तेव्हा वरून भर घालत राहायची.

पिशवी काठोकाठ भरू नका. वर दोन इंच जागा सोडा, पाणी उभं राहायला आणि पुढे खताची भर घालायला.

पहिली पेरणी कोथिंबीर-मेथीची

नव्या माणसाने टोमॅटोपासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तीन महिने वाट बघून करप्याने झाड गेलं की पिशव्या कायमच्या माळ्यावर जातात. मेथी पंचवीस दिवसांत ताटात येते.

मेथीदाणे रात्रभर भिजवा, सकाळी निथळून ओल्या मातीवर दाट पसरा आणि वर अर्धा इंच माती भुरभुरवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात. मुंबईत बाजारात लहानशी, पांढऱ्या मुळांची समुद्रमेथी मिळते, ती घरी करायला तर अगदीच सोपी: उथळ ट्रेमध्ये धुतलेली वाळू, त्यात दाट मेथी, आणि दहा-बारा दिवसांत मुळांसकट उपटायची. ज्यांच्या गॅलरीत जेमतेम तीन तास ऊन येतं त्यांनी इथूनच सुरू करावं.

कोथिंबिरीचं गुपित धण्यात आहे. अख्खा धणा म्हणजे दोन बिया. पोळपाटावर पसरून वाटीच्या बुडाने हलके रगडा, दोन भाग व्हायला हवेत, चुरा नको. रात्रभर पाण्यात, मग फडक्यात गुंडाळून एक दिवस. ओळीत पेरा, ओळींमध्ये चार बोटं अंतर. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि सातव्या दिवशी सगळ्यांचाच धीर सुटतो. माती उकरून बघू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा काळ. उन्हाळ्यात ती चार पानांवरच फुलोऱ्यावर जाते. शेडनेटखाली, सकाळचंच ऊन मिळेल अशा जागी थोडीफार येते. दर पंधरा दिवसांनी एक ट्रे पेरत गेलात तर घरात खंड पडत नाही.

पालक तीस-पस्तीस दिवसांत कापणीला येतो. बाहेरची पानं कापायची, मधला कोंब ठेवायचा, तीन-चार तोडे मिळतात. पुदिना विकत आणलेल्या जुडीतून लावा: जाडसर काड्या निवडा, खालची पानं काढा, पेल्यात पाण्यात उभ्या करा, आठवड्यात मुळं सुटतात. त्याला वेगळं भांडं द्या, कारण तो शेजाऱ्याला जागा ठेवत नाही. गवती चहाचा एक फुटवा, पानओव्याची एक फांदी, तुळस: ही मंडळी एकदा रुजली की फारसं मागत नाहीत. पानओव्याच्या पानांची भजी पावसात कराच.

कढीपत्ता पहिली दोन वर्षं हलतच नाही, धीर धरा. कंबरेएवढा झाला की शेंडा छाटा, म्हणजे फांद्या फुटतील. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसेल. नीट बघा, ती लिंबू फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलं तर डोक्यातून दोन केशरी शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. रोप लहान असेल तर अळ्या उचलून दुसरीकडे ठेवा. मोठं झाड असेल तर एक फांदी त्यांना राहू द्या.

फळभाज्या

मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपं आधी ट्रेमध्ये करायची. टोमॅटो पंचवीस-तीस दिवसांत, मिरची पस्तीस-चाळीस दिवसांत लावणीला येते. लावणी संध्याकाळी करा आणि दोन-तीन दिवस सावली धरा. टोमॅटो लावताना खालची पानं काढून खोड पहिल्या पानापर्यंत मातीत पुरा. पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात आणि झाड दणकट होतं. वांगं-मिरची मात्र ट्रेमध्ये जेवढी होती तेवढीच खोल.

टोमॅटोला लावतानाच काठी द्या, नंतर खुपसली तर मुळं तुटतात. उंच वाढणारी जात असेल तर पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब खुडत राहा, आणि झाड गुडघ्यापर्यंत आलं की जमिनीलगतची वीतभर पानं काढून टाका. करपा तिथूनच चढतो. फुलं लागली की सकाळी दहा-अकराला काठीला टिचकी मारा, पराग झडतात. एप्रिल-मेच्या काहिलीत टोमॅटोची फुलं गळतात, त्याला खतपाण्याचा इलाज नाही. म्हणून पुण्यात मी बी ऑगस्टमध्ये टाकते, म्हणजे गणपतीच्या आगेमागे लावणी आणि दिवाळीनंतर फळं. कच्च्या टोमॅटोचं बूड काळं, चामड्यासारखं झालं तर लोक रोग समजून फवारतात. फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून ते होतं, आणि कुंडीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे कधी कोरडं कधी चिखल असं पाणी. पाणी नियमित करा, पुढची फळं नीट येतात.

भेंडी थेट पिशवीतच पेरा. दोन झाडं लावून उपयोग नाही, कारण रोज दोन भेंड्या निघतात आणि भाजी कधीच होत नाही. चौघांच्या घराला आठ-दहा झाडं हवीत. बोटाएवढी झाली की दिवसाआड तोडा. टोक मोडून बघा, कट्‌कन मोडलं पाहिजे. पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा केवडा रोग भेंडीला फार छळतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही जात त्याला बऱ्यापैकी तोंड देते, आणि तिचं बी घरी धरता येतं. संकरित वाणांचं बी धरू नका, पुढची पिढी तशी निघत नाही.

वेलांबद्दल मला सर्वांत जास्त प्रश्न विचारतात, आणि प्रश्न एकच असतो: दुधीला ढीगभर फुलं येतात, फळ धरत नाही. वेलाला नर आणि मादी फुलं वेगळी. नराचं फूल लांब, बारीक देठावर. मादीच्या फुलाच्या मागे अंगठ्याएवढा लवदार दुधी आधीच असतो. सुरुवातीला बरेच दिवस नुसती नर फुलं येतात, तेव्हा घाबरू नका. मादी फुलं आली आणि पिवळी पडून गळायला लागली तर परागीभवन होत नाहीये. वरच्या मजल्यांवर हे नेहमीचं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्या वेळी मधमाश्या परतलेल्या असतात. दिवेलागणीला टेरेसवर जायचं, नुकतं उमललेलं नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच, सगळीकडे लागेल असा टेकवायचा. चार-पाच दिवसांत तो लवदार अंगठा वाकून वाढायला लागला की समजायचं, धरला. पाच-सहा वर्षं झाली, पण पहिला दुधी वाकलेला दिसला की मी अजूनही घरात हाक मारते. दोडक्यालाही संध्याकाळीच, काकडी, कारलं, भोपळा यांना मात्र सकाळी.

कारली आणि दोडकी लहान असतानाच त्यांना कागदाची पिशवी बांधा. फळमाशी एकदा टोचून गेली की आतून अळ्या निघतात आणि मग इलाज नसतो.

पाणी

कुंडीतली झाडं कोरडी पडून मरतात त्याहून जास्त पाण्याने मरतात. वेळापत्रक करू नका, बोट घाला. दोन पेरांपर्यंत कोरडं लागलं की पाणी, आणि ते बुडातून निथळेपर्यंत. थोडंथोडं वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. सकाळची वेळ उत्तम. मेमध्ये संध्याकाळीही लागतं. दुपारी माना टाकलेली झाडं बघून लगेच पाणी घालू नका. सूर्य कलल्यावर ती आपणहून उभी राहिली तर ती फक्त उन्हाला दमली होती.

मातीवर वाळलेल्या पाल्याचा तीन बोटं थर कायम ठेवा. उन्हाळ्यात निम्मं पाणी वाचतं असं माझा हात सांगतो. सुट्टीत गावी जाताना सगळ्या पिशव्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, मधल्या फटींत ओलं गोणपाट कोंबा. पालेभाजी टिकत नाही, पण मिरची, कढीपत्ता चार दिवस काढतात. बोअरचं पाणी असेल तर मातीवर पांढरा थर जमतो. तो खरवडा आणि पावसाचं पाणी मिळेल तेव्हा पिशव्या भरपूर धुऊन काढा.

खत

दर पंधरा दिवसांनी काहीतरी द्यायचंच, कारण रोजचं पाणी मातीतलं अन्न वाहून नेतं. मोठ्या पिशवीला दोन मुठी कंपोस्ट, वरचा पाला सरकवून. फुलं लागल्यावर शेंगदाणा पेंडीचं पाणी: शंभर ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस झाकून, मग दहापट पाण्यात. वास येतो, शेजारी जेवायला बसले असताना घालू नका.

शेण मिळत असेल तर जीवामृत करा. अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर यांनी ते घरोघर पोचवलं. त्यांचं माप एकरासाठी दोनशे लिटरचं आहे. टेरेसला दहा लिटरची बादली पुरते: अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, झाडाखालची मूठभर माती. सावलीत, वर फडकं बांधून, दिवसातून दोनदा काठीने ढवळत दोन-तीन दिवस. मग दहापट पाणी घालून मुळाशी, आठवड्याभरात संपवायचं.

घरच्या कंपोस्टला भोकं पाडलेल्या दोन बादल्या लागतात. एक भरायची, एक मुरायची. एक वाटी ओला कचरा पडला की दोन वाट्या वाळलेला पाला किंवा कोकोपीट वर पडलाच पाहिजे. वास आला तर पाला कमी पडला समजा. भाजीचे तुकडे लहान करा, शिजवलेलं तेलकट अन्न टाळा, आंबट ताकाचा हबका मारा. पावसाळ्यात करड्या, जाड अळ्या वळवळताना दिसल्या तर किंचाळू नका. त्या कचरा फस्त करतात आणि झाडाला काही करत नाहीत.

कीड

रोज सकाळी चहाचा कप घेऊन दहा मिनिटं पानं उलटी करून बघणं, ही माझी मुख्य फवारणी. मावा आणि पिठ्या ढेकूण शेंड्यात, पानांच्या मागे असतात. थोडे असतील तर बोटाने पुसा किंवा पाण्याचा जोराचा फवारा मारा. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की वर मावा आहेच. वाढले तर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली नीमतेल आणि भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब, खूप ढवळून, सूर्य कलल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना. पाच-सात दिवसांनी पुन्हा. भर उन्हात मारलं तर पानं भाजतात. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. काकडी-दोडक्याच्या पानांवर पिठासारखी भुरी आली तर एक वाटी आंबट ताक दहा वाट्या पाण्यात, गाळून. मिरचीची पानं चुरडून बोकड्या झाला तर आजारी शेंडे कापून बाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको. सगळं झाड चुरडलं असेल तर उपटा, बाकीची वाचतील.

कबुतरांना औषध नाही. कोवळ्या पालकावर जाळी लागतेच.

वर्षाचा फेरा

रोहिणी लागण्याआधी हळद-आलं मातीत जातात; श्रावणात हळदीची पानं पातोळ्यांना, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की कंद. मृगावर वेल, भेंडी, गवार, चवळी. जुलैच्या झडीत काही नवीन लावू नका, पाणी साचत नाही ना एवढं बघा. ऑगस्टमध्ये टोमॅटो-मिरचीचं बी. दसऱ्यापासून पालेभाज्यांची रांग, मुळा, कांदापात, लसूणपात. संक्रांतीनंतर पुन्हा भेंडी, काकडी, चवळी. मार्चअखेर पन्नास टक्के सावलीची शेडनेट ताणायची. तिच्याखाली अळू, पुदिना, मायाळू तग धरतात. विदर्भात ही जाळी फेब्रुवारीअखेरच लागेल.

आणि मेमध्ये, कठड्याची सावली दुसऱ्या रेघेवर आली की, रिकाम्या पिशव्या ताडपत्रीवर उपड्या करायच्या. जुनी मुळं वेचून काढायची, हुमणी दिसली तर उचलायची, माती आठ-दहा दिवस उन्हात पसरून रोज वरखाली करायची. मग तिसरा हिस्सा नवं कंपोस्ट आणि निंबोळी पेंड मिसळून पिशव्या पुन्हा भरायच्या. ज्या पिशवीत टोमॅटो किंवा वांगं होतं तिच्यावर खडूने खूण करा. यंदा तिथे चवळी किंवा मेथी जाईल.